गडग्यावरची कागदपत्रं

आमच्या आणि काकूंच्या आवारांच्या मधे जांभ्याचा कमरेएवढा गडगा आहे. पावसात सगळ्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं, एका चिऱ्यावर धरत नाही. तिथे गेली बावीस वर्षं काकूंचं कोपर टेकलेलं असतं.

परवा आंब्याची साठं उन्हात घालून मी वळले, तर कोपर जागेवर होतंच.

"कळलं का गो? वरच्या आळीतल्या मास्तरीणबाईचा पगार कापायला लागले."

"कशापायी?"

"त्या मेल्याच्या कर्जापायी! होडीचं इंजिन घ्यायला पतसंस्थेतून सहा लाख उचलले होते त्याने. आता तीन वर्षं झाली की काडीमोड होऊन. कोर्टाचा कागद आहे, त्यात चक्क लिहिलंय की कर्ज नवरा फेडेल. तरी पगार हिचा!"

"जामीन राहिली असेल."

"राहिली तर. तेव्हा नवरा होता ना तो. नवऱ्याला सही नाही म्हणते का कोण?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मीही आमच्या घरकर्जाच्या कागदांवर बँकेच्या साहेबाने पेन्सिलीने फुल्या केल्या तिथे तिथे सह्या केल्या होत्या. वाचायला कोण बसतं? मागे रांग असते.

पडवीतला झोपाळा थांबला. काका जागे होते म्हणायचे. काकांनी कोर्टात बेलीफगिरी केली, उभ्या जिल्ह्यात जप्त्या नेल्या. लोकांची कपाटं, शिलाईमशिनं, एकदा तर वाजंत्र्याचा बाजा मोजून आणलाय त्यांनी. त्यामुळे कर्ज हा शब्द कानावर पडला की त्यांची झोप मोडते.

"काडी मोडली ती नवऱ्याशी," काका आतूनच बोलले. "पतसंस्था कुठे होती कोर्टात? दोघांनी आपापसात काय ठरवलं ते त्या दोघांपुरतं. तिसऱ्याचे पैसे त्याने बुडत नाहीत. 1872 चा करार कायदा आहे, कलम 128. जितका ऋणको बांधलेला तितकाच जामीनदार."

"पण आधी त्याच्याकडे जा म्हणावं ना! इंजिन काय हिने फिरवलं?"

"आधी ऋणकोकडे जायलाच हवं असं नाही. जिथे लवकर मिळेल तिथे जातात. त्याची होडी कुठल्या बंदरात लागलेय कोण शोधत बसतो? हिचा पगार एक तारखेला जमा होतो. त्यातून कापायचं संमतिपत्रही तेव्हाच लिहून घेतलेलं असणार. नाहीतर 101 चा दाखला होताच, त्यावर जामीनदाराचंही नाव चढतं."

101 चा दाखला म्हणजे सहकार कायद्यातला वसुलीचा दाखला. निबंधकाकडून मिळतो, दिवाणी दाव्याची वाट बघावी लागत नाही. आमच्याकडे पोरांना सातबारा कळायच्या आधी हा कळतो.

"म्हणजे बायको म्हणून अडकली बिचारी," काकूंनी सुस्कारा टाकला.

"बायको म्हणून नव्हे गो!" झोपाळा करकरला, काका उठून बाहेर आले. "सही म्हणून. नुसत्या लग्नाने कर्ज चिकटत नाही आपल्याकडे. त्याने मित्रांकडून हातउसने घेतले असतील, मोबाइलवरून कर्ज काढलं असेल, त्यातला छदाम हिच्याकडे मागता येत नाही. तिच्या पाटल्यांनाही त्याचे धनको हात लावू शकत नाहीत. ते स्त्रीधन. सुप्रीम कोर्टाने 2024 मध्ये पुन्हा सांगितलं की अडीअडचणीला नवऱ्याने वापरलं तर परत करायला हवं."

"ऐकलंत?" काकू एकदम ताठ झाल्या. "माझ्या गोठांचं काय झालं मग? शहाण्णव साली विहिरीला घातलेत."

काकांनी विषय मुंबईला नेला. तिथल्या एका नवराबायकोने 1999 मध्ये शेअरच्या दलालाकडे वेगवेगळी खाती उघडली. तोटा झाला तर दोघांचा, असं तोंडी ठरलेलं. 2001 मध्ये बाजार कोसळला आणि बायकोच्या खात्यावर मोठी बाकी निघाली. लवादाने 2004 मध्ये दोघांवर मिळून 1 कोटी 18 लाखांच्या वर बसवले. हायकोर्टाने नवऱ्याला सोडवलं, तर फेब्रुवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला परत अडकवलं.

"सही नसताना?"

"खाती कशी चालवली, पैसे कसे फिरवले, त्यावरून दिसलं ना की बोलणं झालं होतं."

"म्हणजे बोलणंसुद्धा अंगाशी येतं?"

"तू तर जन्मभराची बुडालीस," काका म्हणाले, आणि गोठांचं उट्टं निघालं.

काकूंची भाची म्हापशाला दिलेली, म्हणून गोव्याची गोष्ट निघालीच. तिथे 1867 चा पोर्तुगीज कायदा अजून चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मिळकत एक, आणि मोडलं तर अर्धी-अर्धी. "पण वाटणीआधी संसाराचं देणं वजा होतं हो," काका म्हणाले. काकूंना अर्धी मिळकत तेवढी ऐकू आली.

कर्जाचं आणि आमच्या रत्नागिरीचं नातं जुनंच आहे म्हणा. इंग्रजांनी इथे कैदेत आणून ठेवलेल्या थिबा राजाला सरकारी तनखा पुरायचा नाही, ब्रह्मदेशाहून आणलेली माणकं इथे एकेक करून विकली गेली. त्याच्या राणीला कोणी विचारलं होतं का, असं माझ्या मनात आलं. बोलले नाही, नाहीतर साठं तशीच उन्हात करपली असती.

तेवढ्यात घाटीवरून मास्तरीणबाईच येताना दिसल्या. काकूंनी घाईघाईने साठांवरची नसलेली माशी हाकलली.

"बाई, या हो जरा," काकांनी हाक मारली. "हुकूमनाम्याची सहीशिक्क्याची नक्कल आहे का तुमच्याकडे? कर्ज तो फेडेल ही अट हुकूमनाम्यात उतरली आहे, की नुसती अर्जाला जोडलेली?"

बाई गोंधळल्या. "म्हणजे काय काका?"

"हुकूमनाम्यात असेल तर त्याच्यावर दरखास्त लावता येते. मुदत 12 वर्षं, तुमची तीनच गेलीत. आणि नसली तरी जामीनदाराने जे भरलं ते ऋणकोकडून वसूल करता येतं, कलम 145. कापलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती ठेवा. सगळं फिटलं की संस्थेकडे गहाण काय होतं तेही विचारा, इंजिन असेल तर त्यावर मग तुमचा हक्क."

बाईंनी पिशवीतून प्लॅस्टिकची फाइल काढली. बहुतेक रोज बरोबरच असावी, कोपरे मळले होते. ती त्यांनी गडग्यावर, काकूंच्या चिऱ्यावर ठेवली. काकांनी चष्मा लावून पहिलं पान मोठ्याने वाचायला घेतलं.

"अहो, हळू वाचा," काकू दबक्या आवाजात म्हणाल्या, "आळीत ऐकू जाईल कोणाला."