काटोलचा निकाल

काटोलच्या संत्रा बागायतदाराला दोनच काळज्या: आंबिया बहार टिकतो की गळतो, आणि पोराचा नंबर फादरच्या शाळेत लागतो की नाही. पहिलीसाठी गावातच प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आहे. दुसरीसाठी नागपूरची एसटी धरावी लागते.

नागपूरला सदरमध्ये सेंट फ्रान्सिस डी सेल्स हायस्कूल आहे. लोकांच्या तोंडी एसएफएस. स्थापना 1870 ची, म्हणजे मुंबईची रेल्वे नागपुरात येऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. या फादर मंडळींचा संघ 1838 साली आल्प्सच्या कुशीतल्या आन्सी गावात निघाला. त्यांची माणसं आधी विशाखापट्टणमला उतरली, मग सरकत सरकत इकडे आली. बर्फात वाढलेल्या माणसानं पायघोळ झगा घालून नागपूरचा मे महिना काढायचा! शाळेच्या गुणवत्ता यादीत पहिलं नाव मी तरी त्यांचंच लावीन.

ज्यांच्या नावानं शाळा, ते संत फ्रान्सिस 1622 साली वारले. लोक प्रवचनाला फिरकत नाहीत म्हटल्यावर ते पत्रकं लिहून दारांच्या फटींतून आत सरकवत. त्यासाठी पोपनी 1923 मध्ये त्यांना पत्रकार-लेखकांचे संरक्षक संत ठरवलं. आपल्याकडे हा वारसा शिकवणी वर्गांनी इमानेइतबारे चालवलाय. दहावीचा निकाल लागला, की सकाळच्या पेपरातून घरात पत्रक पडतं: वर टक्के, खाली फोटो, त्याखाली प्रवेश सुरू.

बोर्डानं मेरिट लिस्ट बंद केली, फ्लेक्स कोण बंद करणार? माजी सरन्यायाधीश शरद बोबडे याच संतांच्या नावाच्या नागपुरातल्या कॉलेजचे पदवीधर. एवढं एक नाव पुरे होतं. पण पालकांना पंच्याण्णवच्या पुढचं दशांश चिन्ह दिसल्याशिवाय समाधान नसतं.

फ्लेक्सवर न येणारी प्रगती काटोलच्या बसस्थानकावर बघावी. फादरच्या शाळेतला पोरगा गाडी लागली की रांगेत उभा राहतो. रांगेत तो एकटाच. बाकीचे खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. तिकीट हातात पडल्यावर तो कंडक्टरला ‘थँक्यू’ म्हणतो, आणि कंडक्टर बिचारा सुटे पैसे पुन्हा मोजून बघतो. घरी आजोबांची वेगळीच पंचाईत. सत्तरीतला माणूस पस्तिशीतल्या मुख्याध्यापकासमोर संत्र्यांची पिशवी ठेवून हात जोडतो, ‘फादर, नातवाले घ्या जी!’ बाप म्हणायचं ते मुलाच्या वयाच्या माणसाला. पण प्रवेशापुढे वयाचं काय घेऊन बसलात.

गावाचं नाव पार सातासमुद्रापार नेलं ते मात्र यांच्यापैकी कोणी नाही. शाळेत गुरुजी निम्म्या वर्गाला दगड म्हणत. तशाच एका खऱ्या दगडानं नेलं. 22 मे 2012 च्या भर दुपारी काटोलवर उल्का फुटली आणि आकाशातून दगड बरसले. शास्त्रज्ञांनी ते गोळा केले, चिरून तपासले. पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोल असणारं ब्रिजमनाइट हे खनिज त्यात सापडलं, आणि 2021 साली अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात काटोलचं नाव छापून आलं. एवढा निकाल तालुक्यात दुसऱ्या कुणाचा नाही. फ्लेक्स तेवढा माझ्या पाहण्यात आला नाही. दगडानं क्लास कोणता लावला होता, ते कळत नसावं.