आवृत्तीचा मुहूर्त

कपाशीच्या भावावरून सुरू झालेल्या गप्पा कपाशीच्या भावावरच विसर्जित व्हाव्यात, असा ज्या बोदवड गावाचा परिपाठ, तेथे राहून टेक्स्ट एडिटरच्या एक्स्टेन्शनांनी नवी आवृत्ती किती दिवसांनी काढावी या प्रश्नावर रक्तदाब वाढवून घेणारा तालुक्यातील एकमेव इसम मीच असावा, असा माझा नम्र परंतु दृढ समज आहे.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८४ साली लिहावयास घेतलेल्या ग्नू ईमॅक्स या एडिटरमध्ये मी लेखन करतो. त्याला जोडावयाची पॅकेजे २०१२ पासून, म्हणजे चोविसाव्या आवृत्तीपासून, भांडारांतून घरबसल्या मागविण्याची तजवीज आहे. मात्र भांडारांचे कायदे परस्परांस छेद देणारे आहेत. ग्नू एल्पाच्या दरबारी कर्ता आपल्या फायलीतील आवृत्तीची ओळ स्वहस्ते बदलीत नाही, तोवर नवे पॅकेज रवाना होत नाही. मेल्पाचा अंमल निराळा: कर्त्याने मध्यरात्री एक स्वल्पविराम हलविला, तरी तेथील यंत्र नवे पॅकेज बांधून, त्यावर आवृत्तीच्या जागी तारीख-वेळेची मोहर उठवून मोकळे होते. आमच्या जिनिंगमध्ये सरकी निघते, रुई दाबली जाते आणि सुमारे १७० किलोंची गाठ बांधल्यावरच माल बाहेर पडतो. मेल्पा बोंड उकलताक्षणीच ट्रकमध्ये घालते.

खरी मौज हिशेबात आहे. कर्त्याने वर्षभर खपून, कसून तपासून काढलेली आवृत्ती १.२, आणि कच्च्या मालावरची तारीख २०२४०११५. ईमॅक्स हा सरळमार्गी कारकून. एकापेक्षा दोन कोटी मोठे एवढे तो जाणतो, आणि दोन्ही भांडारे उघडी ठेवणाऱ्याच्या पदरी इमानाने कच्चा मालच घालतो. पुढे २०१६ च्या पंचविसाव्या आवृत्तीत भांडारांचा मानमरातब ठरविण्याचा अधिकार रयतेस मिळाला. तो तत्काळ बजावून मी मेल्पा स्टेबलला, जेथे कर्त्याने आवृत्तीचा शिक्का मारलेलाच माल येतो, अग्रपूजेचा मान दिला.

दिवाळीस पुण्याहून आलेला भाचा माझी यादी पाहून हळहळला. “मामा, ह्या पॅकेजमध्ये दोन वर्षं काहीच बदल नाही. मेलंय ते!”

“अरे, पूर्ण झालं असेल.”

अशी शक्यता त्याच्या कानी प्रथमच पडत असावी, असे त्याची मुद्रा सांगत होती.

तथापि एका पॅकेजाची स्टेबल आवृत्ती खरोखरच नादुरुस्त होती. दुरुस्ती होऊन बराच काळ लोटला, परंतु शिक्का मारावयाचे कर्त्यास सुचले नव्हते. मी मायना-तपशिलासह सविनय अर्ज केला, की मेहेरबान होऊन नवी आवृत्ती जाहीर करावी. उत्तर त्याच रात्री आले: “कशाला? आजचीच घ्या. कालची मात्र घेऊ नका.”