तिकडं काय नाय

सोमवार ते शुक्रवार हा गृहस्थ अत्यंत सरळमार्गी असतो. सिग्नल पिवळा झाला की स्कूटर थांबवतो, बँकेत रांग मोडत नाही, सोसायटीत कुणाची गाडी पांढऱ्या रेघेबाहेर वीतभर आली तर काचेवर चिठ्ठी लावून येतो. पण रविवारी डोंगराच्या पायथ्याशी मळलेली वाट दिसली, की कुणी चारचौघांत अपमान केल्यासारखा त्याचा चेहरा होतो. ‘या वाटेने काय, कुणीही जाईल,’ तो म्हणतो. कुणालाही जाता यावं म्हणूनच वाट असते, हे बाकीच्यांना पटलेलं असतं; पण गाडी त्याची असते.

सह्याद्रीत ट्रेकर पुष्कळ. त्यांतला हा आडवाट्या. मोठ्या डोंगरात त्याचा कुणालाही त्रास नाही. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने तो खाली मान घालून रांगेत चढतो, आणि दोराची गोष्ट निघाली तर स्वतःसाठी एक गाठ जास्त मारून घेतो. त्याचा पराक्रम उफाळून येतो तो ‘नाश्त्याला वर, जेवायला खाली’ असा बेत असलेल्या छोट्या, झाडीभरल्या डोंगरांवर.

घनगडाचंच बघा. लोणावळ्याहून आंबवणे, भांबुर्डे करत एकोले गावी पोचायचं. गडाची उंची तीन हजार फुटांच्या आसपास, पण त्यातली बरीचशी गाडीनेच चढलेली असते. गावातून वाट निघते, झाडीतल्या गर्जाईच्या देवळावरून जाते, पुढे कड्याला टेकून उभी असलेली एक प्रचंड शिळा लागते, मग लोखंडी शिडी, पाण्याची टाकी आणि माथा. रमतगमत गेलं तरी तासाभराचं काम. समोर तैलबैल्याच्या दोन भिंती दिसतात, सुधागड दिसतो, फोटो होतात.

आडवाट्या मात्र गावात शिरताच पारावरच्या एखाद्या म्हाताऱ्याला गाठतो.

‘मामा, गडाला वाट कुठून?’

‘ही काय. देवळावरनं नीट जावा. शिडी हाय वर.’

‘ते झालं. पण पलीकडच्या अंगानं?’

मामा तंबाखू मळायचे थांबतात. ‘तिकडं काय नाय.’

या तीन शब्दांत मामांनी सगळं सांगितलेलं असतं: तिकडं वाट नाही, पाणी नाही, आमची गुरंसुद्धा जात नाहीत. आडवाट्याला मात्र एवढंच ऐकू येतं, की तिकडे अजून कुणी गेलेलं नाही. त्याचे डोळे चमकतात. देवळापाशी सगळ्यांनी हात जोडले, की तो डावीकडच्या रानाकडे वळतो. गर्जाई हे सगळं बघत असणार. तिने तरी कुणाकुणाला अडवायचं?

त्याच्या पाठपिशवीत सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाची झेरॉक्स असते, घड्यांवर फाटलेली. या नकाशावर त्याची अपार श्रद्धा. पन्नास हजारास एक असं त्याचं प्रमाण, आणि समोच्च रेषा वीस-वीस मीटरवर. म्हणजे दोन रेषांच्या मधे पाच मजली इमारतीएवढा कातळ बिनदिक्कत लपू शकतो, आणि सह्याद्रीत तो लपतोच. हे सगळे डोंगर लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेले. कठीण थराचा कडा उरतो, मऊ थर झिजून पदर होतो. म्हणून पदर, कडा, पुन्हा पदर, पुन्हा कडा. नाकासमोर चढत गेलेला माणूस कधी ना कधी कड्याखालीच येऊन उभा राहणार. कड्याला फट कुठे आहे, सोंड कुठून उतरली आहे हे गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हुडकलं आणि त्यातून मळलेली वाट झाली. एरवी भूगोलात हुशार असलेल्या आडवाट्याला हे नेमकं रविवारी आठवत नाही.

सुरुवातीला एक ढोरवाट लागते. ‘ही बघा शिवकालीन वाट,’ तो जाहीर करतो. ढोरवाटेचा स्वभाव असा, की गवत संपलं की ती संपते. शिवकाल तिथेच आटोपतो आणि कारवी सुरू होते.

कारवी हे काय प्रकरण आहे ते तिच्यात शिरल्याशिवाय कळत नाही. पुरुषभर उंच, दाट, एकसारख्या काठ्या. याच काठ्यांचे कूड करून माणसं घराच्या भिंती उभारत आली आहेत. आडवाट्या भिंत उभी करायच्या आधीच तिच्यातून आरपार जाऊ बघतो. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मरते. तिला घाई नसते. पुढच्याने वाकवलेली फांदी मागच्याच्या कानशिलावर येते. चिल्हारीचे काटे शर्टाला धरून ठेवतात, करवंदीच्या जाळ्या पँटला. चढणाऱ्यांच्या गप्पा एव्हाना बंद झालेल्या असतात. अशात कुणीतरी आधाराला खाजकुयलीची वेल धरतो, आणि पुढची वीस मिनिटं सगळी मोहीम त्याला खाजवायला मदत करण्यात जाते. ‘शेण चोळा, उतरतं,’ आडवाट्या शांतपणे सांगतो. शेणासाठी गाय लागते, आणि गाय शहाणी असल्यामुळे वाटेवर असते.

‘आपण चुकलो का हो?’ अखेर कुणीतरी विचारतंच.

‘छे! वाट जरा उजवीकडे राहिली.’

तो कधीच चुकत नाही. जागची हलते ती वाट. मधूनमधून तो वर बोट दाखवून म्हणतो, ‘उजेड दिसतोय, आलंच.’ उजेड असतो हे खरं. कातळ उभा असला की त्याच्यावर झाड उगवत नाही, म्हणून तिथून आभाळ दिसतं. कड्याखाली पोचल्यावर तो कड्याला हात लावतो, मान वर करून बराच वेळ अभ्यास करतो आणि म्हणतो, ‘पावसाळ्यानंतर बघू.’ हा संवाद डिसेंबरात चाललेला असतो.

मग घसाऱ्यावरून बसत-घसरत सगळे पुन्हा देवळापाशी. तिथून मळलेल्या वाटेने माथा गाठेपर्यंत आडवाट्या सगळ्यांच्या पुढे असतो. शिडीपाशी आला की ‘शिड्या लावून गडांची मजा घालवली,’ असं म्हणत तो दोन्ही हातांनी ती घट्ट धरतो.

आता प्रश्न असा, की पुढच्या खेपेला लोक याच्याबरोबर पुन्हा का जातात? मला वाटतं, नीट वाटेने केलेल्या ट्रेकबद्दल सोमवारी ऑफिसात सांगण्यासारखं काही नसतं. ओरखडे दाखवता येतात. शिडीचं काय दाखवणार?

आडवाट्याला हे पक्कं ठाऊक असतं. त्या रात्री तो सगळ्या ओळखीच्यांना टिपण पाठवतो: ‘घनगड, पश्चिमेची नवी वाट. सोपी. चुकण्यासारखी नाही. पंचेचाळीस मिनिटे.’ कड्याचा उल्लेख नसतो, कारण तो पावसाळ्यानंतर बघायचा आहे.

पुढच्या रविवारी सकाळी अकराला त्याचा फोन वाजतो. पलीकडे त्याच्याच टिपणावर विसंबून निघालेला एक भाविक, रेंज येतेय न येतेय. आडवाट्या चहाचा कप खाली ठेवून, चष्मा चढवून, नकाशा उलगडतो.

‘घाबरू नका. मला आधी सांगा, कारवी तुमच्या डाव्या हाताला आहे की उजव्या?’

‘डोक्यावर आहे हो!’

‘बरोब्बर चाललाय,’ आडवाट्या म्हणतो. ‘उजेड दिसतोय का?’