शेजारचा क्लचवाला

वहिनी, गॅसवर दूध असेल तर बंद करून या. हे लांबणार आहे.

केलंत? हां, तर आमच्या लेकीच्या, मुग्धाच्या शेजारच्या घराचं सांगत होते. इंडियानापोलिसला खेटून ब्राउन्सबर्ग म्हणून गाव आहे. दिसायला काही विशेष नाही, मक्याची शेतं आणि एकसारखी घरं. पण ड्रॅग रेसिंगवाल्या कितीतरी संघांची वर्कशॉपं तिथे. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सरळ पळवायच्या, पहिली पोचेल ती जिंकली. वळण नाही, चढ नाही, कशाचा पत्ता नाही. त्यातल्या सगळ्यात वरच्या वर्गाला टॉप फ्युएल म्हणतात. हजार फूट अंतर, आणि पावणेचार सेकंदांच्या आत खेळ खलास. रेषा ओलांडताना वेग ताशी ५३० किलोमीटर. बघायला गेले तेव्हा मी पर्समधून चष्मा काढून डोळ्याला लावेपर्यंत पहिली जोडी पार झाली होती. जावई म्हणाले, आई, चष्मा आता दिवसभर काढूच नका.

तर शेजारी एक तरुण जोडपं. नवरा गुरुवारी गायब व्हायचा तो सोमवारी उगवायचा. मी मुग्धाला म्हटलं, यांचं बरं चाललंय ना? ती म्हणे, आई, तू जरा गप्प बस. आता गप्प बसायला का मी एवढा विमानप्रवास केला? मग त्याची सासू राहायला आली, आणि कुंपणाशी आमचं जमलं. तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी, दोघींना अर्धं अर्धं कळायचं, पण जावयाबद्दल बोलायला भाषा किती लागते?

तिचा जावई संघात क्लच बघतो. ड्रायव्हर नव्हे हो, क्लच. त्याचे हात बघितलेत ना तर... बोटांच्या पेरांत काळं भिनलेलं. क्लचची पूड ती, कितीही घासा, निघत नाही. सासूबाईंना याचंच दुःख. लग्नाच्या फोटोत म्हणे त्याचे दोन्ही हात मागे बांधून घेतलेत.

लेबर डेच्या सुट्टीत तिथे यू.एस. नॅशनल्स असतात, या खेळातली मोठी जत्राच. जावईबापूंनी नेलं. मला आवडली ती एक गोष्ट, की तिकीट काढलेला कुणीही थेट पिटमध्ये, म्हणजे गाड्या खोलतात-जोडतात तिथे, जाऊन दोरीपलीकडे उभा राहू शकतो. मी काय, पुढे दिवसभर तिथेच. शर्यत बघायला ट्रॅकवर कशाला जायचं? खरी शर्यत पिटमध्ये.

गाडी धावून आली की दहाएक पोरं तिच्यावर तुटून पडतात. तुम्ही लग्नघरात एक पंगत उठून दुसरी बसेपर्यंतची धावपळ पाहिली आहे ना, उष्टं काढ, पाणी शिंपड, पानं मांड? तसं. फक्त इथे अख्खं इंजिन खोलायचं असतं. आठ सिलिंडरांचं, अकरा हजारांवर अश्वशक्तीचं. दोघं दोन बाजूंची हेडं उतरवतात, एक जण वरचा सुपरचार्जर उचलून नेतो, एक जण गाडीखाली आडवा. वरून गरम तेल ठिबकतंय आणि हा पठ्ठ्या पिस्टन, रॉड, बेअरिंगं काढतोय. त्या जागेला ते बॉटम एंड म्हणतात. नवा आला की बरेचदा तिथूनच सुरुवात. तेल प्रत्येक धावेला नवं, कारण जळायचं राहिलेलं इंधन त्यात उतरतं. दोन फेऱ्यांमध्ये सव्वा तासाच्या आसपास मिळतो. त्यात उघडायचं, तपासायचं, बदलायचं, जोडायचं आणि परत चालू करून बघायचं.

ते चालू करणं तर विचारू नका. इंधन म्हणजे पेट्रोल नव्हे, नायट्रोमिथेन, ९० टक्क्यांपर्यंत, बाकी मेथॅनॉल. पोरांनी भराभर तोंडावर मास्क चढवले तेव्हाच मला कळायला हवं होतं. इंजिन पेटलं आणि छातीच्या फासळ्या हादरल्या. मग तो धूर. डोळ्यांतून धारा, घशात कोंडलेलं, आणि आजूबाजूची मंडळी आनंदाने हसतायत! जावईबापूही. त्यांचा रुमाल मीच घेतला.

आणि आमचा शेजारी? तो कोपऱ्यात, ट्रेलरच्या दारापाशी, क्लचच्या चकत्या घासून सपाट करत बसलेला. त्याने मला एक वापरलेली चकती दाखवली. निळी-जांभळी, कडेला वितळून शेजारच्या पोलादाला चिकटलेली. पावणेचार सेकंदांत ही गत. त्या गाडीला गिअरबॉक्स नाही हो. सगळा जोर चाकांवर एकदम गेला तर टायर जागीच फिरत राहतील, म्हणून क्लच मुद्दाम घसरत घसरत हळूहळू पकडायचा. कुठल्या क्षणाला किती पकडायचा हे आधीच टायमरवर लावून ठेवायचं. धावताना चाक घसरलं म्हणून सावरून घेणारा काँप्युटर नियमातच बसत नाही.

म्हणजे लक्षात आलं का? ड्रायव्हर पाय दाबतो, गाडी सरळ ठेवतो, शेवटी पॅराशूट उघडतो. त्यातही काळीज लागतं, मी नाही म्हणत नाही. पण गाडी कशी धावणार हे क्रू चीफने आधीच ठरवलेलं असतं. तो रस्त्याचं तापमान मोजतो, हवा बघतो, मागच्या धावेचे प्लग भिंगाखाली धरतो आणि सांगतो, एवढं वजन कमी कर, एवढं इंधन वाढव. चुकला तर ड्रायव्हरच्या हातात पाय उचलण्यापलीकडे काही उरत नाही. आणि टीव्हीवर फोटो कुणाचा? हेल्मेटवाल्याचा.

सासूबाईंकडे यावर एक उत्तम किस्सा होता. किस्सा कसला, इतिहास आहे. शर्ली मल्डाउनी म्हणून गुलाबी गाडीवाली बाई. टॉप फ्युएलची ती पहिली तीनदा विजेती, पुरुषांच्याही आधी! १९७७, १९८० आणि १९८२. आता ऐका गंमत. तिचा पहिला नवरा जॅक, तिच्या सुरुवातीच्या गाड्या बांधणारा. तो सुटला. मग कॉनी कलिटा, कॉनी हा पुरुष बरं का, तो तिचा क्रू चीफ आणि, काय म्हणतात ते, सोबती. पहिलं विजेतेपद त्याच्या बरोबरीने. मग तेही फाटलं. मग रॅन टोबलर क्रू चीफ झाला, पुढे त्याच्याशी लग्न! कालांतराने तेही मोडलं, पण ते जाऊ द्या. बाईने तिन्ही माणसं गाडीखालनंच निवडली. सासूबाई म्हणाल्या, बघा, अशा पोरांना मागणी असते.

आणि १९८२ च्या यू.एस. नॅशनल्सच्या अंतिम फेरीत शर्लीच्या शेजारच्या लेनमध्ये कोण उभं असावं? कॉनी कलिटा. हरवलं की तिने त्याला! त्या दिवशी तिच्या क्रूमधल्या पोरांची तोंडं बघायला मिळायला हवी होती.

कॉनीचं मात्र पुढे वाईट झालं हो. त्याचा मुलगा स्कॉट २००८ साली न्यू जर्सीत गाडीत गेला. आधी अंतर पाव मैलाचं असायचं, ते त्यानंतर हजार फुटांवर आणलं.

आणि एरिक मेडलेनचं ऐकलं तेव्हा माझ्या हातातला चहा निवला. जॉन फोर्स म्हणून सोळा वेळा विजेतेपद जिंकलेला माणूस, त्याच्या गाडीवर हा पोरगा बरीच वर्षं क्लच बघायचा. आपल्या शेजाऱ्याचंच काम. मग त्याला स्वतःला गाडी मिळाली, आणि क्रू चीफ कोण, तर सख्खा बाप. २००७ साली फ्लोरिडात सरावाच्या वेळी टायर इतका हादरला की पोराच्या डोक्याला मार बसला, काही दिवसांत तो गेला. बापाने काय केलं असेल? मी असते तर पान्याला हात लावला नसता. तो मात्र ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीचा पिंजरा आणखी सुरक्षित कसा होईल, याच्या मागे लागला.

शेजारणीला मी हे विचारलंच, तुला भीती नाही वाटत? ती म्हणाली, माझा नवरा गाडीत नसतो, पण आत बसलेल्याची भीती घरी घेऊन येतो. रविवारी पहिल्या फेरीत हरले तर सोमवारी घरात शब्द नाही. जिंकले तर झोप नाही. वर्षाला वीसेक शर्यती, मार्च ते नोव्हेंबर, आणि गाड्या वाहून नेणारे ट्रकही यातलीच कुणीतरी पोरं चालवतात.

आता आमच्या घरातलं ऐका. मुग्धाचा ईशान दहावीत गेला आहे. शेजाऱ्याकडे शनिवारी जाऊन बोल्ट पुसत बसतो. परवा म्हणाला, आज्जी, मला इंजिनिअर नाही व्हायचं, बॉटम एंडला जायचंय. मुग्धाने फोनवर मलाच फैलावर घेतलं, तू त्याला पिटमध्ये घेऊन गेलीस म्हणून. मी म्हटलं, मी कुठे नेलं, तुझ्या नवऱ्याने नेलं. तर आता त्या नवराबायकोचा अबोला. जावईबापू ईशानसाठी जाड दस्ताने घेऊन आलेत म्हणे, आणि ते गॅरेजमध्ये लपवून ठेवलेत. कुणाला बोलू नका हं.