खुर्चीशिवायची डॉक्टरकी

भारतातून डॉक्टर, डेंटिस्ट, नर्स होऊन कॅनडाला गेलेली आपली मुलंमुली तिथल्या कॉलेजात सामुदायिक मानसिक आरोग्याचा कोर्स घेतात आणि घरी फोनवर सांगताना आवाज खाली आणतात. लायसन्स मिळेपर्यंत काहीतरी करायचं म्हणून करतेय, आई. बाळांनो, हे असं चोरून सांगणं बंद करा.

लायसन्सचा संताप मलाही येतो. आधी मेडिकल कौन्सिलची परीक्षा, मग रेसिडेन्सीच्या मोजक्या जागांसाठी रांग; उमेदीची वर्षं त्यातच जातात. त्याच कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात लाखो लोकांना फॅमिली डॉक्टर नाही! हा अपव्यय तिथल्या सरकारने थांबवायलाच हवा. पण त्याचा राग या कोर्सच्या विषयावर कशाला?

विषय सोपा नाही. टोरांटोत क्वीन स्ट्रीटवर १८५० साली वेड्यांचं इस्पितळ उघडलं. त्याभोवतीची भिंत रुग्णांकडूनच फुकटात बांधून घेतली. तिचा काही भाग आजही उभा आहे. त्या भिंतीबाहेर माणसाला जगायला काय लागतं, ते या कोर्सात शिकायचं. भाड्याची खोली लागते. बँकेत जायला सोबत लागते. गोळ्या बंद केल्या तर न ओरडता 'का' विचारणारं कुणी लागतं. २००९ मध्ये कॅनडाने व्हँकुव्हरपासून मॉन्क्टनपर्यंत पाच शहरांत मोठा प्रयोग सुरू केला. बेघर मानसिक रुग्णांना आधी घर द्यायचं. दारू सोड, औषध घे, अशी अट नाही. अभ्यासाच्या शेवटच्या सहा महिन्यांत त्यांच्यापैकी ६२ टक्के लोक पूर्ण काळ घरात होते. नेहमीच्या सेवांवर सोडलेल्यांत हेच प्रमाण ३१ टक्के. आपल्या मेडिकल कॉलेजात मानसोपचाराच्या पोस्टिंगमध्ये घरभाड्याचा विषय कधी निघाला होता का?

डॉक्टरला इथे जड जाते ती सवय. ओपीडीत तीन मिनिटांत चिठ्ठी लिहिणारा हात रिकामा राहतो. समोरचा गप्प बसला तर आपणही बसायचं. "मन रमवा" म्हणून उठायचं नाही. लिहून द्यायला काहीच नसताना उपयोगी पडणं मला डॉक्टरकीतलं सर्वांत अवघड काम वाटतं.

हे काम शिकवता मात्र येतं. गोव्यात 'संगात' संस्था आणि मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल यांनी आरोग्यक्षेत्राचा गंधही नसलेल्या स्थानिक महिलांना शिकवून समुपदेशक केलं. २०१० मध्ये निष्कर्ष छापून आले: सरकारी केंद्रांतले नैराश्य-चिंतेचे रुग्ण या व्यवस्थेत जास्त संख्येने बरे झाले. खाजगी दवाखान्यांत फारसा फरक दिसला नाही. त्या बायकांकडे एमबीबीएस नव्हती.

तुमच्याकडे आरोग्यक्षेत्राचं शिक्षणही आहे आणि भाषाही आहे. टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनमधले आपल्याकडचे आजोबा 'डिप्रेशन' म्हणणार नाहीत. छातीत धडधडतं, जेवण जात नाही, एवढंच सांगतील. ते ऐकून पुढचा प्रश्न कोणता विचारायचा, हे तुम्हाला कळतं. कॉलेजांनी याची किंमत करायला हवी.

परदेशी कॉलेजांत प्रवेश करून देणाऱ्या एजंटांनो, तुम्हालाही सांगायचंय. या कोर्सने डॉक्टरकीचं लायसन्स मिळत नाही, हे फी घेण्याआधी स्पष्ट सांगा. आणि मुलांनो, पैसे भरण्यापूर्वी थेट कॉलेजला विचारा: प्रत्यक्ष कामाच्या सरावाची प्लेसमेंट कुठे, किती तासांची, आणि माझ्या कामावर देखरेख कोण करणार?