उत्थानमीमांसा
(अर्थात वडीलधाऱ्यांच्या उठण्या-बसण्याविषयी लघुप्रबंध)

माणसाचे वय जन्मदाखल्यावरून ठरवण्याची पद्धत पेन्शनच्या कामाला ठीक आहे, शास्त्राच्या कामाची नाही. प्रस्तुत प्रबंधकाराच्या मते खाली बसण्याआधी ‘पण उठायचं कसं?’ हा विचार ज्या दिवशी प्रथम मनात येतो, त्या दिवशी म्हातारपण सुरू होते. सत्यनारायणाला आलेला पासष्टीचा गृहस्थ पाहावा. सतरंजीवर मधोमध ऐसपैस जागा असते, पंखाही तिथेच फिरत असतो. तरी हा कडेकडेने भिंतीशी सरकतो. यजमानांना वाटते, काकांना टेकून बसायचे आहे. टेकणे हा दुय्यम हेतू. काकांची नजर दिवाणाचा काठ, खिडकीचा गज आणि दाराची चौकट यांतले हाताला आधी काय लागेल, याचा अंदाज घेत असते. या पाहणीला आपण पुढे ‘आधारशोध’ म्हणू.

एवढ्याशा गोष्टीवर प्रबंध कशाला, असा पूर्वपक्ष येईल. त्याला ब्राझीलने परस्पर उत्तर दिले आहे. रिओ द जानेरोचे डॉक्टर क्लॉदियो जिल आराउजो आणि त्यांचे सहकारी यांनी ५१ ते ८० वयाच्या २००२ माणसांना जमिनीवर बसवले, उठवले, आणि २०१२ साली निष्कर्ष जाहीर केले. बसण्याला पाच गुण, उठण्याला पाच. हात किंवा गुडघा टेकला की दर टेक्याला एक गुण वजा, तोल डगमगला की अर्धा वजा. परीक्षेनंतर सहाएक वर्षे या मंडळींचा माग ठेवल्यावर दिसले, की तीन किंवा त्याहून कमी गुणवाल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण आठ ते दहा गुणवाल्यांच्या पाचपटीहून जास्त होते. गुडघा टेकल्याने माणूस दगावतो असा याचा अर्थ नव्हे. काहींनी तसा घेतला आणि पूजेला जायचे सोडले. पायांतली ताकद, तोल, सांध्यांचा लवचीकपणा आणि पोटाचा घेर या चौघांची साक्ष त्या एका हालचालीत एकदम निघते, इतकेच.

ही परीक्षा आपल्याकडे दिवसातून दोनदा पाटावर होत असे आणि गुण कोणी मांडत नसे. शिवाय आपली प्रश्नपत्रिका अवघड होती. उजवा हात उष्टा, तो जमिनीला लावायचा नाही. म्हणजे निम्मा आधार शिष्टाचाराने आधीच काढून घेतलेला. त्यात शेजारच्याचे ताट ओलांडायचे नाही, आणि सोवळे सुटू द्यायचे नाही. आराउजोंना यातले एकही कलम सुचलेले नाही. पुढे टेबल आले, मग लग्नात बुफे आला, आणि आता तर कीर्तनालाही मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची रांग असते. त्या रांगेत एकदा बसलेला माणूस पुन्हा सतरंजीवर उतरल्याचे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

आता उद्गारांकडे वळू. उठताना तोंडातून जे निघते त्याचे तीन वर्ग पडतात. पहिला मातृवाचक: ‘आई गं’. दुसरा देववाचक, यात घराण्यानुसार विठ्ठल, राम, नारायण, स्वामी असे पोटभेद आहेत. तिसरा सर्वांत गहन: ‘चला’. ‘चला’ म्हणणारा कुठेही निघालेला नसतो. खोलीत दुसरे कोणी असेलच असेही नाही. हा उद्गार गुडघ्यांना उद्देशून असतो, आणि पहिल्या हाकेला ते मनावर घेत नाहीत, म्हणून तो सहसा दोनदा ऐकू येतो. नातवंडे या आवाजांची नक्कल करतात, पण त्यामागे शास्त्र आहे. जोर लावताना श्वास कोंडला तर रक्तदाब चढतो, म्हणून जोराच्या क्षणी श्वास सोडावा असे व्यायामशिक्षक सांगतात. ‘आई गं’ म्हणताना नेमके तेच घडते. गुडघ्याच्या स्वतःच्या कटकट आवाजाचा मात्र या वर्गीकरणात समावेश नाही. दुखत नसेल आणि सूज नसेल तर त्याला वाजू द्यावे.

येथे प्रबंधाचे मुख्य प्रमेय येते. उतारवयातल्या प्रकृतीला सर्वांत घातक वाक्य कोणते? ‘बाबा, तुम्ही बसा, मी आणते.’ ते प्रेमाने म्हटले जाते, आदराने म्हटले जाते, आणि दिवसातून पंधरा-वीस वेळा म्हटले जाते. पाणी सून आणते, पेपर नातू देतो, दार मुलगा उघडतो. पूर्वी हॉलच्या कोपऱ्यात स्टँडवर, क्रोशाच्या रुमालाखाली टेलिफोन असे; तो वाजला की उठावे लागे, आणि शेजाऱ्यांचा असला तर गॅलरीपर्यंत जाऊन हाकही मारावी लागे. टीव्हीचा आवाज वाढवायचा तर बटण टीव्हीलाच होते. आता फोन खिशात, रिमोट मांडीवर आणि पाण्याची बाटली उशाशी. उठण्याचे एकेक निमित्त घरच्यांनी आणि कारखानदारांनी मिळून संपवले. मग त्याच बाबांना वाढदिवसाला भारीतले बूट देतात आणि म्हणतात, ‘रोज फिरायला जात जा.’

याला पुरावा लंडनचा आहे. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये तिथल्या बसवाल्यांचा अभ्यास छापला. बस एक, पगार देणारे एक, धूरही एकच. पण दिवसभर बसून असलेल्या ड्रायव्हरांपेक्षा दुमजली बसच्या जिन्यावर तिकिटे फाडत वर-खाली करणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. हे वाचल्यावर आपापल्या घरात ड्रायव्हर कोण आणि कंडक्टर कोण, हे पाहून घ्यावे. बहुतेक घरांत आजोबा ड्रायव्हर निघतील. आजींना ‘तुम्ही बसा’ असे उभ्या आयुष्यात कोणी म्हटले नाही. दूध उतू जाते, शिट्या मोजायच्या असतात, डब्याचे झाकण नीट लागलेले नसते. यात अन्याय आहेच. पण त्या अन्यायाने आजींचे गुडघे कुरकुरत का होईना चालू ठेवले, हेही नोंदवले पाहिजे.

‘आता या वयात काय होणार?’ ही शंका वारंवार येते. बॉस्टनमध्ये नव्वदीच्या दहा वृद्धाश्रमवासीयांकडून आठ आठवडे पायांनी वजने उचलवून घेतली होती. मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढल्याचे १९९० साली प्रसिद्ध झाले. नव्वदीत जे जमले ते सत्तरीत जमत नाही म्हणणे, हे आळसाचे वय झाल्याचे लक्षण आहे.

राहिला मेंदू. आजोबा मोठ्या निश्चयाने, ‘चला, चला’ म्हणत उठतात, स्वयंपाकघरात पोचतात आणि तिथे फ्रिजसमोर उभे राहून आपण का आलो याचा शोध घेतात. घरात लगेच कुजबुज सुरू होते. तिला काही अर्थ नाही. अमेरिकेत नोत्र दाम विद्यापीठात गॅब्रिएल रॅडव्हान्स्की यांनी २०११ साली दाखवले, की एका खोलीतून दाराबाहेर पडून दुसऱ्या खोलीत गेले की डोक्यातली गोष्ट विसरण्याचा संभव वाढतो. तेवढेच अंतर एकाच खोलीत चालले तर तितका वाढत नाही. आणि प्रयोगातली माणसे म्हातारी नव्हती, कॉलेजातली पोरे होती. मूळ जागी परत गेल्याने आठवते हा लोकविश्वासही त्या प्रयोगात टिकला नाही. तरी आमचा आग्रह आहे, की आजोबांनी परत जावेच. जावे, बसावे, आठवले की पुन्हा उठावे. चष्मा आणायला दोन फेऱ्या, चष्म्याचे घर आणायला तिसरी. व्यायामाचा इतका स्वस्त आणि बिनकटकटीचा प्रकार दुसरा नाही. क्लबची वर्गणी नाही आणि बुटांचीही गरज नाही. (चावी विसरणे वेगळे आणि चावी कशासाठी असते हे विसरणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात डॉक्टरांकडेच जावे. प्रबंध वाचत बसू नये.)

तोलाचे प्रकरण थोडक्यात उरकतो. आराउजो यांच्याच गटाने २०२२ साली १७०२ जणांना एका पायावर दहा सेकंद उभे केले; पाचातला एक नापास झाला, आणि ७१ ते ७५ या वयात निम्म्याहून अधिक. ही परीक्षा ज्याला घरी द्यायची असेल त्याने पायजमा उभ्याने घालून पाहावा, मात्र कपाट हाताच्या अंतरावर ठेवून. गणपतीत आरत्या संपताना स्वतःभोवती गिरकी घेण्याची जी रीत आहे तीही याच जातीची. तिथे ज्येष्ठांचा एक हात हळूच दाराच्या चौकटीकडे जातो, ते बाप्पा पाहतो आणि बोलत नाही.

घाईने उठू नये, हे कलम मात्र गंभीर आहे. उठल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा अधिक अंकांनी उतरला तर डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते आणि माणूस पडू शकतो. म्हणून पहाटे पलंगाच्या काठावर थोडे बसून राहावे. जाग आल्यावर आधी स्वतःचे तळहात न्याहाळण्याची जी रीत घरोघर होती, तिचा आध्यात्मिक लाभ ज्याचा त्याने ठरवावा. तेवढ्या वेळात रक्तदाब जागेवर येतो, हा रोकडा लाभ.

एक प्रश्न मात्र आमच्या आवाक्याबाहेरचा निघाला. समजा, हळदीकुंकवाच्या सतरंज्या घडी घालायच्या आहेत. आजी खाली बसल्या आहेत आणि म्हणतात, ‘अहो, हात द्या जरा.’ आजोबा हात देतात, आजी उठू लागतात, आणि त्या ओढीने खुर्चीतले आजोबाही आपोआप उभे राहतात. दोघेही उठले; पण कोणी कोणाला उठवले हे सांगता येत नाही. ब्राझीलच्या नियमानुसार यांतल्या कोणाचा गुण कापायचा? आमच्या मते आजींचा कापू नये. आजोबांचे म्हणणे वेगळे आहे, आणि ते मांडण्यासाठी ते पुन्हा बसले आहेत.