आईची वजावट

एडिसन, न्यू जर्सी
13 एप्रिल 2025

ती. आईस,


पत्र पाहून घाबरू नकोस, सगळे खुशाल आहोत. पुढचं सगळं फोनवरच सांगणार होतो. पण "आवाज कापून राहिला" म्हणत तू फोन तुला सांभाळणाऱ्या मावशींच्या हाती देतेस, आणि मग अर्धा तास मी त्यांच्या नातवाची ख्यालीखुशाली ऐकतो.

परवा 15 तारीख, इथल्या कराची शेवटची. तुझा खुबा मोडल्यापासून दिवसाच्या एक आणि रात्रीच्या एक अशा दोन मावशी, व्यायामवाला पोरगा, औषधं, डायपर असा खर्च चालू आहे. त्यातलं काही करातून सुटतं का, म्हणून इथल्या हिशेबनिसाला विचारलं. तो म्हणाला, "आई राहते कुठे?" म्हटलं, वर्ध्याला. तर म्हणे, कॅनडात किंवा मेक्सिकोत असती तर बघता आलं असतं! थट्टा नाही, कायदाच तसा आहे. तुमच्यावर अवलंबून असलेलं माणूस अमेरिकेचं नागरिक किंवा रहिवासी हवं, नाहीतर कॅनडा-मेक्सिकोचं रहिवासी तरी हवं. आर्वी नाक्याचं चालत नाही. तुझी सून म्हणते, आईंना मेक्सिकोत ठेवू, तिखटाची तरी आबाळ होणार नाही.

एकूण काय, अमेरिकेच्या लेखी तू माझ्यावर अवलंबून नाहीस. हे तू गेली चाळीस वर्षं सांगतेच आहेस.

मग मोर्चा भारताकडे वळवला. नागपूरच्या घराचं भाडं आणि ठेवींचं व्याज यापायी मला तिथंही विवरणपत्र भरावं लागतं. दादाच्या सीएंना गाठलं. ते म्हणाले, कलम 80डी आहे ना! साठीपुढच्या आईवडलांचा आरोग्यविमा नसेल, तर त्यांच्या औषधोपचाराचे वर्षाला 50 हजारांपर्यंत वजा होतात. आईबाप अवलंबून असण्याची अटही नाही. तुझा विमा नाहीच, पॉलिसीवाल्याला तू चहा आणि गोरसपाक देऊन वाटेला लावलं होतंस. मी खूश. मग त्यांनी एकेक पाचर मारली. पैसे माझ्याच खात्यातून जायला हवेत. बिल हवं. रोख अजिबात नको. आणि मावशींचा पगार औषधोपचारात धरायचा का, यावर ते नुसतं "हं" म्हणाले.

रोख नको म्हटल्यावर मला ज्वारी आठवली. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात गावोगावची कुटुंबं सुगीत ज्वारी देऊन आरोग्यविमा काढायची, ते तूच सांगायचीस. मालिशवालीला तू अजूनही पायलीनं तूर देतेस. तूर काही रोख नव्हे, मग ती कलमात बसते का? सीएंनी चष्मा काढून पुसला. मी आणखी रेटलं: त्याच सेवाग्रामात गांधीजी कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींना स्वतःच्या हातानं मालिश करत, त्यांना कुणी पावती मागितली होती का? ते म्हणाले, "गांधीजींचं विवरणपत्र माझ्याकडे नव्हतं."

दादासाठी वेगळी वाट निघत होती. घरात अवलंबून असलेल्या माणसाचं अपंगत्व 40 टक्के असल्याचा दाखला असेल, तर भारतात राहणाऱ्याला 75 हजारांची सरसकट वजावट मिळते. पण तुला जिल्हा परिषदेच्या शाळेची पेन्शन, म्हणजे अवलंबून तू त्याच्यावरही नाहीस. शिवाय त्यानं दाखल्याचा विषय काढताच "मी काऊन अपंग?" म्हणून तू ज्या काठीच्या आधारानं उभी होतीस तीच उगारलीस, हे वहिनीनं कळवलं. पडली नाहीस ना?

राहिली माझी 50 हजारांची वजावट. ती फक्त जुन्या करपद्धतीत आहे. माझं तिकडचं 2024-25चं उत्पन्न 7 लाख धर. जुन्या पद्धतीत तुला वजा करून कर 42,500 रुपये. नव्या पद्धतीत काहीही वजा न करता 20,000. उपकर दोन्हीकडे यावर आणखी. तीनदा मांडून पाहिलं, तेच येतं. सरकारला हेच करायचं होतं, तर 80डीचं गाजर दाखवलं कशाला, हे मला कळलेलं नाही.

तर तुला वजा न केल्यानं माझे साडेबावीस हजार वाचत आहेत. ते दादाकडे पाठवतो. दोन्ही मावशींना वाटून दे. रोख दिलेस तरी चालेल.

तुझा,
धाकटा